नुसती ‘ॲलर्जीची गोळी’ मागू नका, नाव घेऊन मागा

"अंग नुसतं खाजूलालंय, एक ॲलर्जीची गोळी द्या की ओ." बेळगावच्या शहापुरात औषध दुकानाच्या काउंटरमागे उभी राहिले की दिवसातून हे वाक्य किती वेळा कानावर येतं, त्याला गणती नाही. मी फार्मासिस्ट आहे. असं कुणी म्हटलं की गोळीला हात लावण्याआधी मी तीन गोष्टी विचारते: आता गाडी चालवत जाणार का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत, आणि मागच्या वेळी डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं नाव काय होतं. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळतं. तिसऱ्याला बहुतेक वेळा "पांढरी, बारकी होती" एवढंच मिळतं.

सगळी अडचण तिथेच आहे. ‘ॲलर्जीची गोळी’ नावाचं एकच औषध नसतं. त्या एका नावाखाली लोक निदान चार जातींची औषधं घेतात. एक झोप आणते आणि म्हाताऱ्या माणसाची लघवी अडवते. एक बऱ्यापैकी निरुपद्रवी असते, पण चुकीच्या वेळी घेतली तर लागूच पडत नाही. एक काही जणांच्या मनावर परिणाम करते. आणि एक असते स्टिरॉइड, जी चार दिवसांत खाज घालवते आणि चार महिने घेतली तर शरीर पोखरते. चारही पांढऱ्या आणि बारक्या असू शकतात.

आपल्या भागात ॲलर्जीला निमित्तांचा तोटा नाही. बेळगाव-खानापूरकडे पाऊस लांबला की भिंती ओल धरतात, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास येतो. पाऊस सरला की बांधावर, गटाराकडेला, रिकाम्या प्लॉटमध्ये काँग्रेस गवत कमरेएवढं वाढून पांढरं फुलतं. 1955 च्या सुमारास पुण्यात नजरेत आलेलं हे गवत आता कुठलाच बांध मोकळा सोडत नाही. त्याचे पराग नाकात गेले की शिंका, आणि भांगलताना हाताला, मानेला लागलं की कातडीला चट्टे. मग भाताची मळणी येते, चिकोडी-रायबागकडे उसाचा हंगाम आणि पाचट जाळल्याचा धूर, निपाणीत तंबाखूची धूळ, वडगावात यंत्रमागाखालचा सुताचा भुरका. गोळी लागणार हे खरंच. ती कशी घ्यायची ते सांगते.

स्ट्रिप वाचायची कशी

स्ट्रिपवर मोठ्या, रंगीत अक्षरांत असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. ते लक्षात ठेवून फारसा उपयोग नाही, कारण एकच औषध शंभर नावांनी मिळतं. बघायचं ते मूळ औषधाचं नाव, ज्याच्यापुढे मिलिग्रॅमचा आकडा असतो: सेटिरिझिन 10, लेव्होसेटिरिझिन 5, फेक्सोफेनाडिन 120 किंवा 180, बिलास्टिन 20, क्लोरफेनिरामीन, मॉन्टेल्युकास्ट 10, प्रेडनिसोलोन. मोठ्या नावाच्या शेवटी ‘एलसी’ असेल तर आत बहुधा मॉन्टेल्युकास्टबरोबर लेव्होसेटिरिझिन आहे. ‘एफएक्स’ असेल तर फेक्सोफेनाडिन. म्हणजे एका गोळीत दोन औषधं. हे माहीत नसल्यामुळे एका डॉक्टरांची एलसीवाली गोळी आणि दुसऱ्या डॉक्टरांची साधी लेव्होसेटिरिझिन अशा दोन्ही रोज घेणारी माणसं मी बघितली आहेत. दिवसभर पेंग येते आणि दोष वयाला दिला जातो.

दुकानदार चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव एका तुकड्यावर राहतं आणि एक्स्पायरी दुसऱ्यावर. कापायच्या आधी अख्ख्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. कुणीही दुकानदार नाही म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर दुकान बदला. ऑगस्ट 2023 पासून ठरावीक 300 ब्रँडवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालं आहे. असेल तर तो स्कॅन केला की मूळ नाव, बॅच आणि तारीख समोर येते.

सीमाभागातली आणखी एक अडचण इथेच सांगते. डॉक्टर कानडीत सांगतात, स्ट्रिपवर इंग्रजी असतं, आणि घरी गोळी घेणाऱ्या आज्जीला फक्त मराठी वाचता येतं. मधल्या मधे ‘रात्री अर्धी’चं ‘दोन्ही वेळा एक’ होतं. चिठ्ठीवर 1-0-1 लिहिलं असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. 0-0-1 म्हणजे फक्त रात्री. ‘एसओएस’ म्हणजे त्रास झाला तरच, रोज नव्हे. मी कागदाच्या पाकिटावर जाड पेनानं लिहून देते: कशासाठी, कधी, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. ज्याला जी लिपी येते त्या लिपीत. तुमच्या दुकानदारालाही तसं लिहून द्यायला सांगा. त्यातलं ‘किती दिवस’ हे लोक विचारायलाच विसरतात, आणि पाच दिवसांची गोळी पाच वर्षं चालू राहते.

जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या

अविल हे नाव आपल्याकडे घरोघरी आहे. त्यातलं औषध फेनिरामीन. त्याच घरातली क्लोरफेनिरामीन, जी सर्दीच्या जवळजवळ प्रत्येक मिश्र गोळीत असते. हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन आणि खोकल्याच्या काही सिरपमधलं डायफेनहायड्रामीन हीसुद्धा त्यातलीच. ही औषधं मेंदूत सहज शिरतात, म्हणून झोप येते. ‘रात्री घेतली, सकाळी उतरली’ असा बऱ्याच जणांचा समज असतो. क्लोरफेनिरामीन अंगातून हळू उतरतं. सकाळी डोळे उघडे असतात, चहा झालेला असतो, पण हात आणि नजर यांचा मेळ अजून जुळलेला नसतो. आपण पूर्ण जागे आहोत असं त्या माणसाला मनापासून वाटतं, हेच त्यातलं वाईट.

म्हणून ट्रक, टेम्पो, रिक्षा चालवणाऱ्यांना मी ही गोळी देतच नाही, मागितली तरी. निपाणीजवळचा तवंदी घाट किंवा गोव्याला जाताना चोर्ल्याची वळणं, दोन्हीकडे क्षणभराची डुलकी पुरते. उद्यमबागेत लेथवर, प्रेसवर काम करणारे, यंत्रमागावर उभे राहणारे, ऊस तोडणारे, विहिरीच्या काठावर मोटर चालू करायला जाणारे यांनाही तेच. आणि दारू बरोबर असेल तर झोप दुप्पट होते असं नाही, कितीतरी जास्त होते. शनिवार-रविवार गोव्याला निघालेल्या पोरांना मी हे स्पष्ट सांगते. झोपेची गोळी, चिंतेची गोळी, फिट्सची काही औषधं यांच्यासोबतही तसंच.

म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांचा दुसरा चेहरा दिसतो. तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं, नजर धूसर होते. ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांची लघवी पार अडू शकते. आमच्या ओळखीच्या एका आजोबांना सर्दीसाठी मिश्र गोळी दिली गेली. दुसऱ्या रात्री पोट फुगून कळा यायला लागल्या आणि नळी घालून लघवी काढावी लागली. घरच्यांनी डॉक्टरांना सर्दीचं सांगितलं होतं, लघवीचं सांगितलं नव्हतं, कारण त्या दोन्हींचा संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब एकदम चढू शकतो. काही जण रात्री उठून असंबद्ध बोलतात, बाथरूमला जाताना पडतात आणि मांडीचं हाड मोडतं. साठीच्या पुढच्या माणसाला अविल किंवा तत्सम गोळी रोज देऊ नये असं माझं ठाम मत आहे. घरात पूर्वीपासून पडलेली आहे म्हणून तर अजिबात नाही.

सर्दीच्या मिश्र गोळीत बहुतेकदा तीन औषधं असतात: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामीन आणि नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन. हे तिसरं रक्तदाब वाढवू शकतं. बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी ती मनानं घेऊ नये. आणि ताप आहे म्हणून वरून वेगळी पॅरासिटामॉल घेतली की तीच गोष्ट दोनदा पोटात जाते, लिव्हरवर भार येतो.

नव्या गोळ्या: झोप कमी, पण नियम आहेत

सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोरॅटाडिन, डेस्लोरॅटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन, एबास्टिन, रुपॅटाडिन. आजकाल डॉक्टर सहसा यातलंच काहीतरी लिहितात आणि ते योग्यच आहे. पण ‘झोप न आणणारी’ हे सगळ्यांना सारखं लागू नाही. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिननं बऱ्याच जणांना पेंग येते. फेक्सोफेनाडिननं सगळ्यात कमी. कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा घ्यायची ती रात्री, आणि दुसऱ्या दिवशी लांबचा प्रवास नाही असं बघून. अंगाला कशी मानवते ते कळलं की मग वेळ ठरवा.

फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यायची. संत्र्याचा, सफरचंदाचा किंवा पपनसासारख्या लिंबूजातीच्या फळांचा रस बरोबर घेतला तर ती आतड्यातून नीट शोषली जात नाही आणि ‘गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार येते. ॲसिडिटीसाठी अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं जेल पीत असाल तर दोन तासांचं अंतर ठेवा. बिलास्टिन रिकाम्या पोटी: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, तीही रसाशिवाय. आपल्याकडे ‘गोळी कधीही उपाशीपोटी घेऊ नये’ हे इतकं पक्कं डोक्यात बसलंय की बिलास्टिन लोक भाकरी खाऊनच घेतात. मग दोन आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाऊन गोळी बदलून आणतात. गोळी चांगली होती, वेळ चुकली होती.

किडनीचा त्रास असेल तर सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिनचा डोस कमी करावा लागतो, कारण ही औषधं किडनीवाटे बाहेर पडतात. साखरेच्या जुन्या रुग्णांनी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, शेवटचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा. डायलिसिसवर असणाऱ्यांनी लेव्होसेटिरिझिन घेऊ नये. एबास्टिन किंवा रुपॅटाडिन चालू असताना नायट्यासाठी इट्राकोनॅझोल, केटोकोनॅझोल किंवा घशासाठी एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालं तर सांगा. रक्तात गोळीचं प्रमाण वाढतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याचा धोका असतो. नायट्याची औषधं आपल्या दमट हवेत सर्रास दिली जातात, म्हणून मुद्दाम लिहिते.

एक नवी गोष्ट. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं रोज घेतली आणि अचानक बंद केली, तर काही दिवसांत अंगभर भयंकर खाज सुटल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं मे 2025 मध्ये तशी सूचना काढली. असं क्वचित होतं. पण झालं तर माणसाला वाटतं, आपली ॲलर्जीच उलटली, आणि तो गोळी आयुष्यभर धरून बसतो. तसं करू नका. डॉक्टरांना सांगा, पुन्हा सुरू करून हळूहळू कमी करत नेता येते.

गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना गोळी डॉक्टरांना विचारूनच. त्या वेळी बहुधा सेटिरिझिन किंवा लोरॅटाडिन निवडतात. झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्यांनी बाळाला गुंगी येऊ शकते आणि दूधही कमी होऊ शकतं.

मॉन्टेल्युकास्ट

याबद्दल मला जरा थांबून लिहायचं आहे, कारण हे औषध आपल्याकडे शिंका आल्या की लगेच लिहिलं जातं आणि पालकांना कुणी काही सांगत नाही.

मॉन्टेल्युकास्ट दम्यात उपयोगी आहे. त्याची 10 मिलिग्रॅमची गोळी मोठ्यांना, 5 ची चघळायची गोळी 6 ते 14 वर्षांच्या मुलांना आणि 4 ची 2 ते 5 वर्षांच्या मुलांना देतात. अचानक दम लागला तर तिचा उपयोग नाही, तिथे पंपच लागतो. मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला: भयानक स्वप्नं, चिडचिड, आक्रमकपणा, उदासपणा, आत्महत्येचे विचार. नुसत्या सौम्य सर्दी-शिंकांसाठी दुसरे उपाय थकल्याशिवाय ती देऊ नये असंही त्यांनी सांगितलं.

एक वैनी वडगावातून मुलाची चिठ्ठी घेऊन यायच्या. मुलगा दुसरीत. एके दिवशी सहज बोलताना म्हणाल्या, पोरगं रात्री किंचाळत उठतंय, शाळेत मारामारी करतंय, दृष्ट लागली असेल म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मी विचारलं, कधीपासून? गोळी सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यापासून. मी त्यांना त्याच पावली डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली, नाकाचा स्प्रे दिला, आणि पोरगं पुन्हा शांत झोपायला लागलं. सगळ्यांना असं होत नाही. बहुसंख्य मुलं ही गोळी विनात्रास घेतात. पण सुरू केल्यावर पहिले काही आठवडे मुलाची झोप, स्वभाव, बोलणं यांकडे लक्ष ठेवायलाच हवं, आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ठेवायला हवं. आधीपासून उदासपणाचा आजार असेल तर चिठ्ठी लिहून व्हायच्या आत डॉक्टरांना सांगा. ‘एलसी’ आणि ‘एफएक्स’ गोळ्यांतही हेच औषध आहे, हे विसरू नका.

पुडीतल्या गोळ्या आणि ‘एक सुई’

गावाकडे अजूनही कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतात. एक पिवळी, एक गुलाबी, एक बारीक पांढरी. खाज, शिंका, दमा, गुडघेदुखी, सगळ्यावर ती बारीक पांढरी लागू पडते आणि त्या डॉक्टरचं गावात नाव होतं. ती बारीक पांढरी पुष्कळदा स्टिरॉइड असते: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन.

स्टिरॉइड वाईट नाही. अंगभर गांधी उठल्या, दमा चिघळला, तर चार-पाच दिवस ते लागतं आणि जीवही वाचवतं. वाईट आहे ते नकळत आणि लांबवून घेणं. साखर वाढते, बीपी वाढतं, चेहरा गोल आणि सुजलेला दिसतो, पोटात जळजळ होते, भूक वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, जखमा आणि नायटे भरून येत नाहीत. आणि तीनेक आठवड्यांपेक्षा जास्त घेतल्यावर एकदम बंद केलं तर शरीरात स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी तोवर सुस्तावलेल्या असतात. माणूस गळून जातो, चक्कर येते, उलट्या होतात, बीपी खाली जातं. म्हणून हा लेख वाचून घाबरून कुणी पुडी उद्यापासून बंद करू नका. पुडी घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात जा, किती महिने घेताय ते खरं सांगा, आणि ते सांगतील तसं पायरीपायरीनं कमी करा.

पराग उडायच्या दिवसांत ‘वर्षाची एक सुई’ घेणारेही आहेत. ती सुई सावकाश विरघळणाऱ्या स्टिरॉइडची असते. एकदा टोचली की दुष्परिणाम दिसला तरी परत काढून घेता येत नाही. साखरेच्या रुग्णांनी तर त्या वाटेलाच जाऊ नये. सुई टोचण्याआधी नाव विचारा, पुडी घेताना नाव लिहून मागा. हा तुमचा हक्क आहे, आणि चांगला डॉक्टर त्यानं कधीच रागावत नाही.

खाजेच्या मलमांचंही तसंच. क्लोबेटासोलसारखं कडक स्टिरॉइड मलम चेहऱ्यावर, जांघेत किंवा लहान मुलांना लावू नका. नायट्यावर ते लावलं की दोन दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो.

नाकाचा स्प्रे बरोबर मारणं

वारंवार शिंका, नाक गळणं, रात्री नाक चोंदणं यांवर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे बहुतेक वेळा गोळीपेक्षा चांगलं काम करतो. हेही स्टिरॉइडच, पण नाकापुरतं आणि अगदी थोडं. पोटातून घेतलेल्या गोळीशी त्याची बरोबरी करून घाबरायचं कारण नाही. तरीही लोक तो आठ दिवसांत टाकून देतात. कारणं दोन. एक म्हणजे त्याचा गुण यायला काही दिवस लागतात, कधी दोन आठवडे. शिंक आली की मारायची ती वस्तू नव्हे, रोज ठरल्या वेळी घ्यायची. दुसरं म्हणजे मारायची पद्धत चुकते.

काउंटरवर मी रिकाम्या बाटलीनं करून दाखवते. आधी नाक हलकेच शिंकरून मोकळं करा. बाटली हलवा. नवी असेल किंवा बरेच दिवस वापरली नसेल तर बारीक फवारा दिसेपर्यंत हवेत दाबा. मान किंचित खाली, पायाकडे बघितल्यासारखी, आकाशाकडे नाही. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजवीसाठी डावा. असं केलं की नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा सतत बसला तर तो सुकतो आणि रक्त येतं. ‘स्प्रेनं नाकातून रक्त येतंय’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण उजव्या हातानं उजव्या नाकपुडीत मारत असतात. दाबताना श्वास अलगद आत, जोरात ओढायचा नाही. औषध घशात उतरून कडू लागलं तर समजा, जोरात ओढलं गेलं. लगेच नाक शिंकरू नका.

आणि हा स्प्रे म्हणजे नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब नव्हेत. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन हे थेंब तीन, फार तर पाच दिवस. त्यापुढे थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं, मग आणखी थेंब, अशी सवय जडते.

डोळ्यांच्या खाजेसाठी ओलोपॅटाडिनसारखे थेंब ठीक. पण शाळकरी मुलांच्या लाल, खाजऱ्या डोळ्यांसाठी एकदा दिलेले स्टिरॉइडचे थेंब दर उन्हाळ्यात मनानं आणून घालू नका. डोळ्यातला दाब गुपचूप वाढतो आणि नजर कायमची जाते.

लहान मुलं

सर्दीच्या ज्या सिरपमध्ये, थेंबांत क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असतं, ते 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये अशी सूचना देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढली. घरात जुनी बाटली असेल तर बघा. प्रोमेथाझिन 2 वर्षांखाली कधीच नाही. श्वास मंदावू शकतो. प्रवासात पोर झोपावं म्हणून ॲलर्जीचं सिरप पाजणं हे मी ऐकलं आहे आणि ऐकून माझा जीव थरथरला आहे. काही मुलं तर त्या औषधानं उलट चेकाळतात.

बाटलीबरोबर आलेल्या मापानंच औषध द्या, घरातल्या चमच्यानं नाही. थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरपपेक्षा दाट असू शकतं, म्हणून एकीचं माप दुसरीला वापरू नका. मुलानं चुकून गोळ्या गिळल्या तर उलटी काढायला जाऊ नका, मीठ-पाणी पाजू नका. रिकामी स्ट्रिप हातात घ्या आणि दवाखाना गाठा.

गोळीनं भागत नाही तेव्हा

खानापूरच्या रानात मधमाश्या चावल्या, शेंगदाणा किंवा कोळंबी खाल्ली, एखादं इंजेक्शन घेतलं आणि काही मिनिटांत ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, चक्कर आली, उलट्या आणि अंगभर गांधी एकदम आल्या, तर अविल शोधत बसू नका. ॲलर्जीची कुठलीही गोळी घशाची सूज थांबवायला वेळेवर पोचत नाही. तिथे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते दवाखान्यातच. 108 ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय वर उचलून ठेवा. श्वास लागत असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका, चालवत नेऊ नका. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबायचं, कारण हा झटका पुन्हा येऊ शकतो. नंतर ज्या गोष्टीनं झालं तिचं नाव मोठ्या अक्षरांत फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ॲलर्जीची कातडीवरची चाचणी करायची असेल तर त्याआधी साधारण आठवडाभर या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा येतो. किती दिवस ते चाचणी करणारे डॉक्टर सांगतील. नाकाचा स्प्रे सहसा चालू ठेवता येतो.

गोळीचा त्रास झाला तर लोक गोळी टाकून देतात आणि गप्प बसतात. तसं न करता 1800-180-3024 या फुकट नंबरावर, सोमवार ते शुक्रवार कामाच्या वेळेत फोन करा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा तो नंबर आहे, 2010 पासून तो कार्यक्रम चालू आहे, आणि रुग्णानं भरायचा फॉर्म मराठीत आणि कानडीत दोन्हींत मिळतो. औषधाचं मूळ नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं, कधी आणि काय त्रास झाला, दुसरं काय चालू होतं, एवढं हाताशी ठेवा. स्ट्रिपचा फोटो काढून ठेवला असेल तर निम्मा फॉर्म त्यातच भरून होतो. उरलेला भरायला तुमच्या औषध दुकानातल्या फार्मासिस्टची मदत मागा.